परग्रहावर हुकूम कोणाचा?

परग्रहावर वस्ती वसवण्याचा खेळ रचायला बसलेला माणूस बहुतेक वेळा ग्रहापासून सुरुवात करतो. गुरुत्वाकर्षण किती, हवेत काय आहे, दिवस किती तासांचा, आकाशात चंद्र किती. वही भरत जाते, नकाशे रंगतात. मग चार मित्र खेळायला बसतात आणि तासाभरात कुणीतरी विचारतं, "बरं, आता आम्ही करायचं काय?" या प्रश्नाला वहीत उत्तर नसतं. भूमिका घेऊन खेळायच्या खेळांना, म्हणजे रोल-प्लेइंग गेम्सना, आता पन्नास वर्षं उलटून गेली. या काळात परक्या जगातल्या वस्तीचा विषय अनेकांनी अनेक बाजूंनी हाताळला. ते सगळं एकत्र पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. या खेळाचा जीव वस्तीच्या कारभारात असतो. शेवटची पाण्याची टाकी कुणाला द्यायची हे कोण ठरवणार, आणि ज्याचं ऐकलं गेलं नाही तो उद्या काय करणार, या दोन प्रश्नांवर असा खेळ तरतो किंवा बुडतो.

हे खेळ ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गेम मास्टर, म्हणजे आपला सूत्रधार. तो जग उभं करतो, वाटेत भेटणाऱ्या माणसांच्या तोंडून बोलतो, संकटं आणतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि त्या पात्राने काय केलं ते बोलून सांगतात. निकालाची खात्री नसेल तिथे फासे टाकतात. पट लागतोच असं नाही, आणि शेवटी कुणी जिंकत नाही. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' छापला गेला, तिथून हा प्रकार रूढ झाला. आज पुण्या-मुंबईतही तो खेळणारे गट आहेत. त्याचं मूळ पटावरच्या युद्धखेळांत होतं आणि तो ठसा अजून पुसलेला नाही; नियमपुस्तकांची बरीच पानं मारामारीवर खर्च होतात. वस्तीचा खेळ रचणाऱ्याची पहिली झटापट या वारशाशीच होते. नव्या ग्रहावर माणूस मरेल तो बहुधा एखाद्या गळक्या सांध्याने, आणि त्या सांध्याशी तलवारीने लढता येत नाही.

अवकाशाकडे हे खेळ फार लवकर वळले. १९७६ मध्ये जेम्स वॉर्ड यांचा 'मेटामॉर्फोसिस अल्फा' आला. त्यात 'वॉर्डन' नावाचं अवाढव्य यान माणसांना दुसऱ्या ग्रहावर न्यायला निघतं, वाटेत किरणोत्साराच्या तडाख्यात सापडतं, आणि पुढच्या पिढ्या आपण यानात आहोत हेच विसरून जातात. मुक्कामी पोचण्याआधीच समाज मोडलेला. पुढच्याच वर्षी मार्क मिलर यांचा 'ट्रॅव्हलर' आला. या विषयावर काम करणाऱ्या प्रत्येकाने तो वाचला पाहिजे असं मी आग्रहाने म्हणेन. तीन लहानशा काळ्या पुस्तिका, आणि त्यांत ग्रह घडवण्याची अशी एक युक्ती की ती अजून जुनी झालेली नाही.

युक्ती अशी. प्रत्येक ग्रहाचं वर्णन आठ अक्षर-अंकांच्या एका ओळीत बसतं: अवकाशतळाचा दर्जा, ग्रहाचा आकार, हवा, पाणी, लोकसंख्या, राजवट, कायद्याचा कडकपणा आणि तंत्रज्ञानाची पातळी. बहुतेक आकडे दोन फाशांवर ठरतात, पण ते एकमेकांत गुंतलेले असतात. हवा ग्रहाच्या आकारावर अवलंबून, राजवट लोकसंख्येवर, कायदा राजवटीवर. आठांतले तीनच आकडे निसर्गाचे आहेत, बाकी सगळे माणसांचे. कधी फासे असं जग देतात की ग्रह इवलासा, हवा नाही, पाणी नाही, तरी कोट्यवधी माणसं आणि कायदा इतका कडक की साधा चाकू बाळगायची चोरी. असं का, याचं उत्तर पुस्तकात नसतं. ते टेबलावर शोधावं लागतं, आणि शोधता शोधता गोष्ट सुरू होते. मिलर यांनी १९७७ मध्येच ओळखलं होतं की ग्रहाची माहिती म्हणजे बहुतांशी त्यावरच्या माणसांच्या व्यवस्थेची माहिती.

तरीही 'ट्रॅव्हलर' हा वस्तीचा खेळ झाला नाही. त्यातली पात्रं प्रवासी आहेत. यानाच्या कर्जाचे हप्ते फेडण्यासाठी ती एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर माल नेतात, भानगडीत पडतात, निघून जातात. जो उद्या निघून जाणार आहे त्याला आजच्या निर्णयाचं ओझं वाटत नाही. वस्तीच्या खेळाला मुक्कामाची माणसं लागतात.

आता विज्ञानाबद्दल. किती घ्यायचं यावर रचनाकारांत कायम वाद असतो. माझी कसोटी साधी आहे: जी गोष्ट टेबलावरच्या कुणाला तरी निर्णय घ्यायला लावते ती नियमांत यावी, बाकीची सूत्रधाराच्या वहीत राहू द्यावी. मंगळाचंच घ्या. तिथलं आकाश कसं दिसतं, दोन छोटे चंद्र कसे फिरतात हे वर्णनाला छान आहे, पण त्याने कुणाचं काही अडत नाही. पृथ्वी आणि मंगळ यांच्यातल्या बदलत्या अंतरामुळे रेडिओ संदेशाला एका बाजूने सुमारे ३ ते २२ मिनिटं लागतात, याने मात्र पुष्कळ अडतं. प्रश्न विचारून उत्तर यायला पाऊण तासही जाऊ शकतो. खेळात हे आणणं अवघड नाही. संदेश चिठ्ठीवर लिहून सूत्रधाराकडे द्यायचा आणि उत्तर पुढचा प्रसंग संपल्यावर मिळणार. तोवर आग लागलेली असेल तर पृथ्वीवरच्या वरिष्ठांची वाट पाहायची की नाही, हा खरा प्रश्न उभा राहतो. यान पाठवायची सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांनी येते. म्हणजे आज यादीत लिहायचं राहून गेलेलं औषध दोन वर्षांहून अधिक काळ मिळणार नाही. यादी कुणी केली होती, हे मग सगळ्यांच्या लक्षात राहतं. २००८ मध्ये 'फीनिक्स' यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट हे क्षार सापडले. ते माणसाला अपायकारक असतात, त्यामुळे शेती करायची तर माती आधी धुवावी लागेल. पाणी पिण्याला ठेवायचं की माती धुवायला, असा रोकडा पेच त्यातून तयार होतो.

आकड्यांचा आणखी एक उपयोग आहे. खेळणाऱ्याला त्यातून प्रमाणाची जाणीव होते. माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. 'पर्सिव्हरन्स' गाडीवरच्या 'मॉक्सी' या उपकरणाने २०२१ ते २०२३ या काळात मंगळाच्या हवेतून मिळून १२२ ग्रॅम ऑक्सिजन तयार केला. विज्ञानाच्या दृष्टीने ती फार मोठी गोष्ट होती, आणि एका माणसाला तो जेमतेम साडेतीन तास पुरला असता. हे एक वाक्य सूत्रधाराने पहिल्याच बैठकीत सांगितलं तर पुढे हवेवरून होणाऱ्या भांडणाला वजन येतं.

हिशेबाच्या बाबतीत रचनाकार दोन टोकांना जातात. एक टोक म्हणजे ऑक्सिजन, पाणी, वीज, अन्न, सुटे भाग, औषधं, मनोबल असे सात-आठ रकाने. दोन बैठकांनंतर खेळणाऱ्यांना आपण मुनीम आहोत असं वाटू लागतं. दुसरं टोक म्हणजे हिशेबच नाही. सूत्रधाराला वाटेल तेव्हा टंचाई. मग टंचाईवर कुणाचा विश्वास बसत नाही. मला तीन रकाने पुरेसे वाटतात, आणि त्यांतला एक भरायचा तर दुसरा रिकामा करावा लागेल अशी त्यांची बांधणी हवी.

फाशांच्या गणिताकडेही नवखे रचनाकार पुरेसं पाहत नाहीत. समजा हवा शुद्ध करणारं यंत्र दर आठवड्याला दोन फाशांवर तपासायचं, आणि दोन्ही फाशांवर एक पडला तरच ते बिघडतं. छत्तीसांत एक शक्यता. ऐकायला अगदी सुरक्षित. पण वर्षाचे ५२ आठवडे फासे टाकत गेलं तर त्या वर्षात यंत्र निदान एकदा बिघडण्याची शक्यता ७७ टक्के होते. म्हणजे बिघाड होणार हे धरूनच चालायला हवं, आणि नियमांची ताकद पुढच्या गोष्टींवर लावायला हवी: दुरुस्तीला बाहेर कोण जातं, सुटा भाग कुठल्या दुसऱ्या यंत्रातून काढला जातो, आणि ते दुसरं यंत्र ज्यांच्यासाठी चालत होतं ते गप्प बसतात का.

या सगळ्याचा धडा प्रत्यक्षात गिरवला गेला आहे, आणि तोही पृथ्वीवरच. अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात 'बायोस्फिअर २' नावाची काचेची प्रचंड बंदिस्त वास्तू उभारली होती. आत छोटं वर्षावन, छोटा समुद्र, शेत. २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ माणसं आत गेली आणि दोन वर्षं राहिली. आत पिकेल ते खायचं, आत असेल ती हवा घ्यायची. पहिल्या वर्षी पीक कमी आलं, माणसं भुकेली राहू लागली. रताळी इतकी खावी लागली की काहींच्या कातडीवर नारिंगी झाक आली. त्याहून गंभीर म्हणजे हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून हळूहळू १४ टक्क्यांच्या आसपास उतरला. शोध घेतल्यावर कारण सापडलं. भरपूर खत घातलेल्या मातीतले सूक्ष्मजीव ऑक्सिजन वापरत होते, आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वास्तूचं काँक्रीट शोषून घेत होतं. त्यामुळे तो वनस्पतींपर्यंत पुरेसा पोचत नव्हता आणि ऑक्सिजन परत तयार होत नव्हता. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला.

काँक्रीट हवा खातं, हे कुठल्याही कादंबरीकाराला सुचलं नसतं. पण खेळ रचणाऱ्याने त्याहून जास्त लक्ष द्यावं ते पुढच्या भागाकडे. त्या आठ माणसांत फूट पडली. चार एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला. प्रयोग कसा चालवायचा, बाहेरची मदत घ्यायची का, बाहेरच्या व्यवस्थापनाचं किती ऐकायचं यावरून वाद झाले, आणि आधी जिवलग असलेली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. तरीही रोजचं काम थांबलं नाही. ज्याच्याशी बोलत नाही त्याच्याच शेजारी उभं राहून पीक काढायचं, कारण पीक नाही तर दोघंही उपाशी. या प्रसंगाइतका चांगला नमुना माझ्या माहितीत दुसरा नाही. भांडण आहे, आणि दार बंद आहे. ज्याला वस्तीचा खेळ रचायचा त्याने नियमांतून ही परिस्थिती तयार करून दाखवावी. बाकीचं खेळणारे स्वतः करतात.

ती नियमांत कशी आणायची, याचं सर्वांत सुंदर उत्तर मला एका अशा खेळात सापडलं ज्याचा परग्रहाशी काही संबंध नाही. अॅव्हरी अॅल्डर यांचा 'द क्वाएट इयर' हा २०१३चा खेळ. संस्कृती कोसळल्यानंतरची एक लहान वस्ती, हातात एक शांत वर्ष. सूत्रधार नाही, स्वतःचं असं पात्रही नाही. मध्ये कोरा कागद, त्यावर सगळे मिळून नकाशा काढतात. पत्त्यांचा जोड म्हणजे वर्ष: चार रंग चार ऋतूंचे, एक पत्ता एका आठवड्याचा. पत्ता उलटला की त्यावर ठरलेला प्रश्न येतो, सुरू असलेली कामं एकेक आठवड्याने पुढे सरकतात, आणि मग ज्याची पाळी आहे तो तीनांपैकी एक गोष्ट करतो: काहीतरी नवं शोधतो, नवं काम सुरू करतो, किंवा सभा बोलावतो.

या सभेचा नियम पाहण्यासारखा आहे. प्रत्येकाने एकदाच, एक-दोन वाक्यांत बोलायचं. सगळ्यांचं बोलून झालं की सभा संपली. ठराव नाही, मतदान नाही. दुसरीकडे, नवं काम सुरू करताना कुणालाच विचारावं लागत नाही. पाळी आली की करून मोकळं. म्हणजे सभा घेतली तर आठवडा जातो आणि हाती काही लागत नाही, न विचारता काम केलं तर काम होतं आणि माणसं दुखावतात. ज्याला वाटलं की आपल्याला विचारलं नाही, तो मधल्या ढिगातून नाराजीचं एक नाणं उचलून समोर ठेवतो. ते नाणं काय करतं? जवळजवळ काहीच नाही. नुसतं समोर दिसत राहतं. ऋतू बदलत जातात तशी काहींच्या समोर नाण्यांची रास वाढते, आणि सगळ्यांना कळतं की वस्ती कुठे चिरफाळते आहे. एवढ्या थोड्या सामग्रीतून गावगाड्याचं इतकं खरं चित्र उभं करणारा दुसरा खेळ मी पाहिलेला नाही. परग्रहावरच्या खेळात ऑक्सिजनच्या रकान्याशेजारी अशी नाणी ठेवा; खेळ लगेच बदलतो.

वस्तीला स्वतंत्र पात्र मानण्याची कल्पना त्याआधीची आहे. 'आर्स मॅजिका' या १९८७च्या जादूगारांच्या खेळात सगळ्यांचा मिळून एक मठ असतो, आणि प्रत्येक खेळाडूकडे एकाहून अधिक पात्रं असतात: एक मोठा जादूगार, एक सोबती, शिवाय सगळ्यांच्या सामाईक शिपाई-चाकरांतलं कुणीही. ही पद्धत वस्तीच्या खेळाला फार उपयोगाची आहे. आज वस्तीप्रमुख होऊन वीज तोडायचा हुकूम देणारा खेळाडू पुढच्या प्रसंगात अंधारात बसलेल्या कामगाराचं पात्र घेतो, आणि स्वतःच्याच हुकमाखाली येतो. स्वीडनमधून आलेल्या 'म्यूटंट: इयर झीरो' या २०१४च्या खेळात वस्तीचीही पाटी असते; तिच्यावर अन्न, संस्कृती, तंत्रज्ञान आणि युद्धसज्जता अशा चार बाजू मोजल्या जातात, आणि कुठलं काम हाती घ्यायचं हे खेळाडूंनी आपसांत ठरवायचं असतं. मला त्यात संस्कृतीचा रकाना फार आवडतो. नव्या जागी शाळा आधी की कुंपण आधी, हा वाद कुठल्याही लढाईपेक्षा जास्त रंगतो.

काळाचा प्रश्न मात्र बहुतेकांनी टाळला आहे. वस्ती वसते ती पिढ्यांच्या हिशेबाने, खेळ चालतो तो तासांच्या. किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांच्या 'रेड मार्स', 'ग्रीन मार्स' आणि 'ब्लू मार्स' या १९९२ ते १९९६ दरम्यानच्या कादंबरीत्रयीत दीर्घायुष्याचा उपचार सापडतो, आणि पहिल्या शंभर वसाहतकऱ्यांपैकी अनेक जण पुढच्या जवळजवळ दोन शतकांचे साक्षीदार होतात. कादंबरीला ते शोभलं. खेळासाठी मला दुसरा मार्ग अधिक पटतो, तो ग्रेग स्टॅफर्ड यांच्या १९८५च्या 'पेन्ड्रॅगन'चा. ती आर्थर राजाच्या सरदारांची गोष्ट आहे, पण तिचं वेळापत्रक कुठेही चालेल. एक साहस म्हणजे एक वर्ष. हिवाळ्यात शेतीचा, लग्नाचा, मुलांचा, म्हातारपणाचा हिशेब होतो. आपलं पात्र थकतं, मरतं, आणि खेळाडू त्याच्याच मुलाचं किंवा मुलीचं पात्र घेऊन पुढे जातो. मंगळावर हे लावून पाहा. तिथे जन्मलेलं मूल पृथ्वीच्या ३८ टक्के गुरुत्वाकर्षणात वाढलेलं असेल. आईबापांचं पृथ्वीवर परत जायचं स्वप्न त्याच्या हाडांना झेपेल का, ठाऊक नाही. आईचं पात्र खेळलेल्या माणसाने पुढच्या बैठकीत मुलीच्या तोंडून "मला तिकडे जायचं नाही" असं म्हणणं, हे या प्रकारातच घडू शकतं.

आता वस्तीचा खर्च कोण करतं? १९६७च्या बाह्य अवकाश करारानुसार कुठल्याही राष्ट्राला चंद्रावर किंवा इतर खगोलावर मालकी सांगता येत नाही. विज्ञानकथांनी त्या जागी कंपनी आणून बसवली. २०१९च्या 'एलियन' खेळात त्याच नावाच्या चित्रपटांतलीच कंपनी आहे, आणि खेळाच्या छोट्या कथानकांत प्रत्येक पात्राला एक गुप्त हेतू दिलेला असतो. सगळे एका संकटात, पण सगळ्यांना हवं आहे वेगवेगळं. ताण वाढला की जादा फासे हाती येतात. त्यांनी काम साधण्याची शक्यता वाढते आणि भेदरून जाण्याचीही. ही यंत्रणा उत्तम आहे. कंपनीचं चित्र मात्र मला उथळ वाटतं. कंपनी दुष्ट आहे एवढंच कळतं, ती माणसाला कशी बांधून ठेवते ते कळत नाही. ते कळायला आपल्याला परग्रहावर जावं लागत नाही. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारावर मजूर नेले गेले, त्यांत मुंबई बंदरातून चढलेली मराठी माणसंही होती. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, जिथे ती उतरली, तो आज जागतिक वारसास्थळ आहे. प्रवासखर्च, मुदतीचा करार, गैरहजेरीला पगारकपात, परतीची अनिश्चिती: वस्तीच्या खेळातल्या पात्राचा पहिला कागद हा करार असायला हवा. त्यावर काय लिहिलंय ते वाचून सही करणारा एक खेळाडू आणि न वाचता करणारा दुसरा, एवढ्यावर पहिली बैठक सहज निघते. त्याच मजुरांच्या वंशजांनी मॉरिशसमध्ये भाषा आणि गणपती जपला; गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. संस्कृतीचा रकाना हा असा भरतो.

सगळ्यांत अवघड प्रश्न शेवटी ठेवला आहे. तो ग्रह रिकामा आहे का? बहुतेक खेळ रिकामा मानून मोकळे होतात. 'टेराफॉर्मिंग मार्स' या २०१६च्या लोकप्रिय पटखेळात तापमान, ऑक्सिजन आणि समुद्र वाढवत न्यायचे, एवढंच उद्दिष्ट आहे. मंगळ आहे तसा राहू द्यावा असं म्हणणाऱ्याला त्या पटावर जागा नाही. रॉबिन्सन यांच्या कादंबऱ्यांत मात्र तोच मुख्य संघर्ष आहे. संगणकावरच्या 'अल्फा सेंटॉरी' या १९९९च्या खेळात सात गट ग्रहावर उतरतात, त्यांत प्रवीण लाल या भारतीय नावाच्या नेत्याचाही एक गट आहे, आणि हळूहळू उमगतं की ग्रहालाच जाणीव आहे आणि तो प्रतिकार करतो आहे. जेफ्री बार्बर यांचा 'ब्लू प्लॅनेट' हा १९९७चा खेळ याहून पुढे गेला. पोसायडन नावाचा जवळजवळ सगळा समुद्रच असलेला ग्रह. पहिले वसाहतकरी तिथे पोचतात, मग पृथ्वीवर पिकांवरच्या रोगाने हाहाकार होतो आणि त्यांची मदत तुटते. दोन-तीन पिढ्या ते समुद्राशी जुळवून घेत एकटे जगतात. मग पृथ्वी सावरते, ग्रहावर आयुष्य वाढवणारं खनिज सापडतं, आणि नव्या माणसांचा लोंढा येतो. काल जे वसाहतकरी होते ते आज मूळनिवासी ठरतात. शिवाय त्यांच्याही आधीपासून त्या समुद्रात कुणीतरी आहे. एकाच ग्रहावर हक्काचे असे तीन थर लावणं ही मला या संपूर्ण परंपरेतली सर्वांत मोठी रचना वाटते. तिचा एक दोषही सांगायला हवा. पुस्तक माहितीने इतकं भरगच्च आहे की नव्या सूत्रधाराला सुरुवात कुठून करावी ते उमगत नाही.

मूळनिवाशांच्या बाजूने खेळ रचणारेही पुढे आले. लिआम बर्क यांच्या 'डॉग ईट डॉग' या २०१२च्या खेळात टेबलावरचा सर्वांत श्रीमंत खेळाडू राज्यकर्त्यांची भूमिका घेतो, बाकीचे पॅसिफिकमधल्या बेटावरचे रहिवासी होतात. पहिला नियम छापलेलाच असतो: रहिवासी हे राज्यकर्त्यांपेक्षा हीन आहेत. प्रत्येक प्रसंगानंतर नियम पाळले गेले का याचा निवाडा होतो आणि एक नवा नियम जोडला जातो. खेळताना अंगावर काटा येतो. गोव्याच्या वाचकाला तर हे ओळखीचं वाटेल. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने कोकणी वापरण्यावर बंदीचा हुकूम काढला होता, आणि असे हुकूम एकावर एक साचत जाऊन माणसाचं रोजचं जगणं कसं आवळतात हे तिथल्या घराघरांनी सोसलं आहे. अशा विषयात टेबलावरच्या माणसांची काळजी घ्यावी लागते. प्रसंग असह्य झाला तर कारण न देता कार्डावर बोट ठेवून तो थांबवायचा, ही 'एक्स-कार्ड'ची पद्धत आता रुळली आहे आणि ती वापरावी.

संगणकावरचे वस्तीचे खेळ पुष्कळ आहेत. 'रिमवर्ल्ड' आणि 'सर्व्हायव्हिंग मार्स' यांची नावं घ्यायलाच हवीत. हिशेब ते माणसापेक्षा चांगला ठेवतात. पण 'रिमवर्ल्ड'मधला वसाहतकरी रागावला तर तो आकड्यांमुळे रागावतो. शेजारी बसलेली मैत्रीण रागावली तर तिची समजूत काढावी लागते. टेबलाचा फायदा तो, आणि रचनाकाराने त्यावरच भर द्यावा.

मराठीत यातलं काय होऊ शकतं? विज्ञानकथेचा पाया आपल्याकडे भक्कम आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला १९७४ मध्ये 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने आली होती. लेखक होते जयंत नारळीकर. अनुभवाचा साठा त्याहून मोठा आहे. कोयना धरणात गाव बुडालेल्या माणसांनी दूरच्या जिल्ह्यांत जाऊन नवी गावठाणं उभी केली. पाण्याची जागा कुठली, देऊळ कुठे, आधीपासून असलेल्या गावाशी संबंध कसे ठेवायचे, कुणाला कुठली जमीन, या प्रत्येक प्रश्नावर तिथे बैठका झाल्या, भांडणं झाली, समेट झाले. ती माणसं आणि त्यांची मुलं आजही सांगायला आहेत. परग्रहावरच्या वस्तीचा खेळ मराठीत रचायचा तर परदेशी नियमपुस्तकं वाचण्याइतकंच त्यांच्याशी बोलणं गरजेचं आहे.

ज्यांच्या मनात असा खेळ आहे त्यांना माझी विनंती आहे. ग्रहाचा नकाशा आधी काढू नका. एका पानावर वस्तीच्या सभेचा नियम लिहा: कोण बोलू शकतं, कोण ठरवतं, न पटलेल्याने काय करायचं. चार माणसांना बोलवा, पाण्याची एक टाकी आणि दोन गरजू घरं द्या, आणि एक संध्याकाळ खेळून पाहा. आणि मराठी विज्ञान परिषदेसारख्या संस्थांनी कथांप्रमाणे मराठीतून रचलेल्या अशा खेळांचीही स्पर्धा घ्यावी.